टँकर आमच्याही दारात, टँकर शहापुरातही: ठाण्याची वाढती वस्ती आणि पाणी

कासारवडवली | ८ जून, रात्री ९.१५

मंडळी, बरेच दिवस मनात होतं, आज लिहितेच.

काल संध्याकाळी जांभळी नाक्याला शेवळं घ्यायला गेले होते. पावसाचे दोन शिडकावे झाले की शहापूर तालुक्यातल्या खर्डी-आटगावकडच्या बायका पहाटेच्या लोकलने रानभाजी घेऊन ठाण्यात उतरतात, हे ठाणेकरांना सांगायला नको. माझी एक ठरलेली मावशी आहे. जुड्या संपत आल्या होत्या. उरलेल्या दोन तिने माझ्या पिशवीत घातल्या, वर शेवळांत घालायच्या काकडांचा वाटा टाकला आणि म्हणाली, "बाय, समोरनं बाटली भरून आणशील का पाण्याची?" आणली. अर्धी प्यायली, मग झाकण घट्ट लावून टोपलीत फडक्याखाली ठेवली. म्हटलं, पी की, अजून आणून देते. तर म्हणाली, "ही नातीला. चौथ्या दिवशी टँकर येतो आमच्याकडं. भातसा दारातनं दिसते, पन हात पोचत नाय."

घरी आले तर आमच्या गेटावर टँकर उभा. होज पाइप रस्त्यावरून टाकीत सोडलेला, आणि सांध्यातून गळणारं पाणी गटाराकडे चाललेलं.

आमची सोसायटी २४० घरांची. घरटी चार माणसं धरली आणि शहराला माणशी १३५ लिटर हा सरकारी निकष लावला, तर दिवसाला १ लाख २९ हजार ६०० लिटर, म्हणजे दहा हजारी टँकरांच्या हिशेबात जवळजवळ तेरा टँकर. एका सोसायटीचे. आम्ही २००९ मध्ये राहायला आलो तेव्हा मागच्या खिडकीतून येऊरचा डोंगर पायथ्यापर्यंत दिसायचा. आता मध्ये चार टॉवर आहेत आणि पाचव्याचा पाया खणतायत. आमच्या बिल्डरने माहितीपत्रकात "चोवीस तास पाणी" छापलं होतं. टाकीत पाणी चोवीस तास असतंही, पण त्यातलं निम्मं टँकरचं.

माझा प्रश्न सरळ आहे. वस्ती अशीच वाढत राहिली तर हे पाणी येणार कुठून? आणि जिथून येतं तिथल्या माणसाला कोण विचारतं? जाणकारांनी लिहावं.

तलावपाळी | ८ जून, रात्री १०.०२

ताई, अगदी मनातलं लिहिलंत.

माझा जन्म चरईतला. वाड्यात विहीर होती, रहाटाची. मे महिन्यातही कळशी बुडेल एवढं पाणी असायचं. आज त्या जागी सात मजली इमारत आहे आणि विहिरीवर स्लॅब टाकून पार्किंग केलंय. या शहरात एके काळी साठाहून जास्त तलाव होते, आता जेमतेम पस्तीस उरलेत. बाकीचे कुठे गेले? कुणावर रस्ता आला, कुणावर इमारत. उपवनचं पाणी एके काळी या गावाला प्यायला पुरायचं हे आजच्या मुलांना सांगितलं तर त्यांना खरं वाटत नाही.

तलाव म्हणजे फिरायची जागा, हे आपल्या डोक्यात आता बसलंय. तलाव आजूबाजूच्या विहिरींचा बाप असतो. तो बुजवला की दोन-तीनशे मीटरच्या घेऱ्यातल्या विहिरी हळूहळू मरतात. आमच्या वाड्याची तशीच गेली.

निवृत्त_पाणीवाला | ८ जून, रात्री ११.२०

तीस वर्षं पाणीपुरवठ्याच्या कामात काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी "कुठून येतं" याचं उत्तर. एवढं मोठं शहर, पण ठाण्याला स्वतःचं धरण नाही. पाणी चार हातांनी येतं: महापालिकेची स्वतःची योजना, स्टेम (ठाणे आणि आसपासच्या शहरांना पाणी देणारी संस्था), एमआयडीसी आणि थोडं मुंबई महापालिकेकडून. पालिकेची योजना भातसा धरणावर उभी आहे. धरणातून सोडलेलं पाणी नदीपात्रातून वाहत पिसे बंधाऱ्याशी येतं, तिथून उचलून टेमघरला शुद्ध होतं. स्टेम शहाडला उल्हास नदीतून उचलते. एमआयडीसीचं पाणी बारवी धरणातून उल्हासमध्ये उतरतं आणि जांभूळला उचललं जातं. यातला एकही स्रोत ठाणे शहराच्या हद्दीत नाही.

आता बहुतेकांना माहीत नसलेली गोष्ट. उल्हास नदी उन्हाळ्यात वाहती राहते, त्याला मोठं कारण आंध्रा धरण. ते मावळात, घाटमाथ्यावर. टाटांनी १९२२ साली भिवपुरीला वीजघर सुरू केलं तेव्हापासून तिथलं पाणी घाटाखाली सोडून वीज करतात आणि मग ते उल्हासच्या खोऱ्यात येतं. म्हणजे जो पाऊस एरवी इंद्रायणी-भीमेतून पंढरपूरकडे गेला असता, तो शहाडला आपल्या पंपात येतो. नवी मुंबई-पनवेलकडेही तसंच. खोपोलीच्या वीजघरातून उतरलेलं पाणी पाताळगंगेत येतं आणि पनवेलकडच्या योजना त्यावर चालतात. तेव्हा आपण कुणाचं पाणी पितो याची यादी काढायची झाली तर ती शहापूरवर थांबत नाही, सोलापूरच्या शेतकऱ्यापर्यंत जाते.

ताई, मावशी म्हणाल्या ते अभियंत्याच्या दृष्टीनेही खरं आहे. धरण दरीत असतं, पाडे असतात माथ्यावर. तिथला खडक काळा पाषाण, त्यात पाणी मुरायला फटी कमी. पाऊस अडीच हजार मिलिमीटर पडतो आणि चार महिन्यांत वाहून धरणात जातो. वरच्या विहिरी होळीलाच तळ दाखवतात. धरणाचं पाणी उताराने शहराकडे आपोआप येतं. पाड्यावर न्यायचं तर उपसा हवा, वीज हवी, वीजबिल भरणारं कुणीतरी हवं. म्हणून एक दुरुस्ती करतो: ठाण्याने पाणी उचललं म्हणून मावशींची विहीर आटली, असं थेट म्हणता येणार नाही. पण शहरासाठी शंभर किलोमीटर पाइप टाकायला पैसा मिळाला आणि पाड्यासाठी तीन किलोमीटरची उपसा योजना वर्षानुवर्षं रखडली, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

रोखठोक | ९ जून, सकाळी ७.४५

सगळे फांद्यांवर बोलताय, मुळावर कुणी येत नाही. मूळ आहे लोकसंख्या. दोन मुलांचा कडक कायदा करा आणि बाहेरून येणारे लोंढे थांबवा. दहा जणांच्या ताटात तीस जण बसले तर वाढप्याला दोष देऊन काय होणार?

खाडीकाठ | ९ जून, सकाळी ९.३०

मी घणसोलीकडचा आगरी. वय अडुसष्ट. पाण्यावर जाणकार लिहितायत, मी जमिनीचं आणि खाडीचं सांगतो.

१९७० मध्ये सिडको आली. आमची ९५ गावं, ३४४ चौरस किलोमीटर. वीस लाख माणसांचं नवं शहर, नवी मुंबई, वसवायचं ठरलं. आमची खारी शेती होती. समुद्राचं पाणी शेतात येऊ नये म्हणून बापजाद्यांनी मातीचे बांध घातलेले, आणि बांधात उघाडी. ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगतो. उघाडी म्हणजे बांधाच्या पोटात बसवलेला लाकडी झडपेचा दरवाजा. भरती आली की खाडीच्या रेट्याने झडप आपोआप मिटते, ओहोटी लागली की शेतातलं पावसाचं पाणी तिला ढकलून बाहेर जातं. माणूस लागत नाही, वीज लागत नाही. फक्त दर साल मे महिन्यात गाळ काढायचा, झडपेला तेल द्यायचं, खेकड्यांनी बांधाला पाडलेली भोकं चिखलाने बुजवायची. सगळा गाव कामाला उतरायचा. ज्याच्या घरून माणूस आला नाही त्याला पंच विचारायचे. त्या शेतात राता पिकायचा, खाऱ्या जमिनीत तगणारा लाल तांदूळ. त्याची पेज अंगाला लागायची.

पुढे शहर झालं तेव्हा इंजिनियरांनी वाशी-बेलापूरला पावसाचं जादा पाणी धरायला धारण तलाव बांधले आणि त्यांना लोखंडी झडपा बसवल्या. भरतीला मिटणाऱ्या, ओहोटीला उघडणाऱ्या. आमचीच उघाडी, मोठी केलेली. फरक एवढाच की वर्षाचा गाळ काढायला आता गाव नाही. तलावांत गाळ साचला, वर कांदळवन उगवलं. कांदळवन तोडायचं नाही, आणि ते बरोबरच आहे. पण मग पाणी साठवायची जागा कमी झाली, आणि भरतीच्या वेळी मोठा पाऊस आला की सेक्टरांत पाणी शिरतं.

खाडीचं तर विचारू नका. मी पोरवयात पाग (फेकायचं जाळं) टाकायला जायचो. जिताडा, बोईट, चिंबोरी, कोलंबी, ओहोटीला चिखलात निवट्या. पाटीभर माल घरी यायचा आणि विकायलाही उरायचा. आता पाग टाकला की आधी प्लास्टिक येतं. तीस-चाळीस लाख लोकांचं सांडपाणी शेवटी कुठं जाणार? प्रक्रिया होते त्याचं ठीक, होत नाही ते खाडीतच. पाखरं मात्र येतात. २०१५ ला रोहित पक्ष्यांचं अभयारण्य झालं, २०२२ ला ठाणे खाडी जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीत गेली, आनंद आहे. पण चिखल ज्यांचं शेत होता त्या कोळी-आगऱ्यांच्या पोटाचं कुठल्या यादीत लिहिलंय ते मला अजून सापडलं नाही.

आणि रोखठोक भाऊ, तुम्ही लोंढे म्हणालात. आमच्या दृष्टीने तुम्ही सगळेच बाहेरून आलात. आम्ही कुणाला जा म्हटलं नाही. १९८४ मध्ये जासईला आमची माणसं गोळीबारात गेली ती जमिनीचा न्याय मागताना, शेजाऱ्याला हाकलताना नव्हे.

सीवूड्स_४० | ९ जून, सकाळी ९.५२

काका, उघाडीचं वाचून अंगावर काटा आला. वीस वर्षं त्या धारण तलावाशेजारी राहतोय, आणि ही माहिती आज कळतेय.

भूगोलबाई | ९ जून, दुपारी २.१०

रोखठोक यांचा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही, म्हणून आकड्यांनी उत्तर देते. मी शाळेत भूगोल शिकवते आणि दरवर्षी मुलं हाच प्रश्न विचारतात.

माणसं वाढली की वाटा घटतो, हे खरंच. देशात १९५१ साली माणशी वर्षाला ५,१७७ घनमीटर पाणी वाट्याला येत होतं, २०११ मध्ये १,५४५. १,७०० च्या खाली गेलं की पाण्याचा ताण मानतात. पाऊस तेवढाच आहे, वाटेकरी वाढले.

पण ठाण्यात माणसं कशामुळे वाढली? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ आला. लोकसंख्या स्थिर राहायला २.१ लागतो. म्हणजे आपल्या राज्यात बायांना सरासरी दोनही मुलं होत नाहीत. र. धों. कर्व्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र उघडलं तेव्हा लोकांनी त्यांना जगणं मुश्कील केलं होतं, आज खेड्यातली सूनही दोनावर थांबते. कायदा म्हणाल तर पंचायत-पालिकेच्या निवडणुकीला दोन अपत्यांची अट महाराष्ट्रात आहेच, १२ सप्टेंबर २००१ नंतरच्या तिसऱ्या अपत्याला ती लागते.

तरीही ठाणे शहर २००१ च्या साडेबारा लाखांवरून २०११ मध्ये १८ लाखांवर गेलं, नवी मुंबई महापालिका सात लाखांवरून अकरा लाखांवर. २०११ ला अविभाजित ठाणे जिल्हा १ कोटी १० लाखांचा, देशात पहिला होता. ही वाढ पाळण्यातून आलेली नाही, ती लोकलमधून आणि ट्रकमधून आली. माझंच घर घ्या. सासरे गिरणीत, लालबागच्या दहा बाय बाराच्या खोलीत. गिरणी बंद पडली, खोली विकली, १९९८ ला ठाण्याला आलो. लालबागला आम्ही सहा माणसं एका नळावर, दोन पिंपांत दिवस काढायचो. ठाण्याला दोन बाथरूम, वॉशिंग मशीन, नंतर आरओ. माणसं सहाची चार झाली आणि पाणी तिप्पट झालं. कुठल्याही दोन अपत्यांच्या कायद्याने ती वाढ थांबली नसती.

म्हणून मी मुलांना डोकी मोजायला सांगते आणि त्यासोबत बादल्याही मोजायला सांगते. शहराला निकष माणशी १३५ लिटर, खेड्याला जलजीवन मिशनचा निकष ५५. कासारवडवली ताईंच्या सोसायटीला एका दिवसाला लागणारं पाणी ५५ च्या हिशेबाने २,३०० माणसांच्या गावाला पुरतं. तुमच्या सोसायटीत राहतात ९६०.

आसनगाव_लोकल | ९ जून, रात्री १०.४०

आज जाता-येता ट्रेनमध्ये हा धागा वाचला. मी शहापूर तालुक्यातला. नोकरी ठाण्यात, जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास.

तानसा धरण १८९२ पासून मुंबईला पाणी देतंय. नंतर मोडक सागर, भातसा, मध्य वैतरणा. एका तालुक्याच्या परिसरात इतकं पाणी अडवलंय, आणि दर उन्हाळ्यात तहसीलदारांच्या टेबलावर टंचाई आराखडा असतो. आमच्या पाड्यावर टँकर विहिरीत रिकामा करतात. म्हणजे कोरड्या विहिरीत टँकरचं पाणी ओतायचं आणि बायांनी ते दोराने परत वर काढायचं. पाणी पडत असताना सगळ्यांचे पोहरे एकदम खाली जातात, एकमेकांवर आपटतात, निम्मं पाणी कठड्याच्या दगडांवर सांडतं. माझी आई साठीची आहे. ती रात्री दोनला उठून विहिरीवर जाते, कारण तळाच्या झऱ्यातून तेवढ्या वेळात हंडाभर पाझरलेलं असतं. वाटीने भरते. एक हंडा भरायला पाऊण तास.

निवृत्त काकांनी लिहिलं ते बरोबर, विहीर तुम्ही आटवली नाही. पण एक सांगतो. धरणं बांधताना आमचे नदीकाठचे मळे गेले, आणि जे वर सरकले ते खडकावर गेले. खडकावर विहीर लागत नाही हे तेव्हाही माहीत होतं.

आता शेजारच्या मुरबाडात काळू धरणाचं घोंगडं भिजत पडलंय. मुंबईभोवतीच्या शहरांना पाणी हवं म्हणून. २०११ ला कामही सुरू केलं होतं, वनखात्याची पुरती परवानगी नसताना. श्रमिक मुक्ती संघटनेने उच्च न्यायालयात धाव घेतली आणि २०१२ ला काम थांबलं. ठाकर, कातकरी, महादेव कोळी यांचे पाडे आणि शेकडो हेक्टर जंगल पाण्याखाली जाणार आहे. शाई धरणही यादीत आहेच. घोडबंदरला नवा टॉवर उभा राहतो तेव्हा त्याच्या नकाशात जिम असते, तरणतलाव असतो. त्या नकाशात काळूच्या पोटात जाणारा पाडा कुठेच दाखवत नाहीत. दाखवायला हवा.

मी कुणावर राग काढत नाही. माझा पगार याच शहरातून येतो.

तलावपाळी | ९ जून, रात्री ११.०५

दादा, आईंना नमस्कार सांगा. वाटीने भरते हे वाचून पुढचं वाचवेना.

रोखठोक | १० जून, सकाळी ८.१५

जननदराचा आकडा मला ठाऊक नव्हता. शोधून पाहिला, बाई म्हणतात तसाच आहे. दोन मुलांच्या कायद्याचा हट्ट सोडतो.

पण माणसं येतायत हे तर खरं ना? मग शहराने किती जणांना जागा द्यायची याला काही मोजमाप नको का? मला नव्या माणसाशी भांडायचं नाही. पाणी नसताना घर विकणाऱ्याला आणि त्याला परवानगी देणाऱ्याला अडवायचंय.

निवृत्त_पाणीवाला | १० जून, सकाळी ११.००

आता तुम्ही नेमकं बोललात. हे झालेलंही आहे. २०१७ च्या मे महिन्यात उच्च न्यायालयाने पाणीटंचाईचं कारण देऊन घोडबंदर पट्ट्यातली नवी बांधकामं रोखली होती. पण हे न्यायालयाने सांगावं लागावं का? नकाशा मंजूर करताना रस्त्याची रुंदी मीटरात मोजतात, आग विझवायच्या टाकीची क्षमता लिटरमध्ये लिहून घेतात. पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात मात्र हमीपत्र चालतं. माझं म्हणणं एवढंच आहे. आज जेवढं पाणी मंजूर आहे तेवढ्याच घरांना भोगवटा प्रमाणपत्र मिळावं. उद्याच्या धरणावर आजची घरं विकू नयेत.

नवी मुंबईचं उदाहरण लोक देतात, कारण त्यांनी मोरबे धरण स्वतःच घेऊन टाकलं, दिवसाला ४५ कोटी लिटरच्या क्षमतेचं. चांगलं केलं. पण मोरबेही धावरी नदीवरचं, खालापूर तालुक्यातलं. आणि त्याच नवी मुंबईच्या शेजारी, खारघर-कामोठ्यात, लोक हंडे घेऊन मोर्चे काढतात. शहराच्या नावात नवी मुंबई असली तरी मोरबेचं पाणी तिथे थोडंच पोहोचतं.

एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. कोपरखैरणे आणि ऐरोलीला सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते कारखान्यांना द्यायची यंत्रणा त्यांनी उभी केली. कारखान्याच्या बॉयलरला भातसेचं गोड पाणी कशाला?

सीवूड्स_४० | १० जून, दुपारी ४.३०

आमच्या सोसायटीत काय केलं ते लिहितो, कुणाला उपयोग होईल.

गच्ची ८०० चौरस मीटर. वर्षाचा पाऊस अडीच मीटर धरला तर २० लाख लिटर. वाया जाणारं वजा केलं तरी १६ लाख, म्हणजे १६० टँकर. हे पाणी आम्ही पंधरा वर्षं गटारात सोडत होतो. पावसाचं पाणी जिरवायची यंत्रणा इमारत बांधताना कागदावर केलेली होती. प्रत्यक्ष उघडून पाहिलं तेव्हा गच्चीवरचा पाइप खड्ड्यापर्यंत पोहोचतच नव्हता, कोपऱ्यात कापून बुच मारलेलं. बिल्डर कधीच निघून गेला होता.

आता खड्डा नव्याने केला. तळाला मोठे दगड, त्यावर खडी, त्यावर कोळसा, वर जाड वाळू. पहिल्या दोन पावसांचं पाणी आत घ्यायचं नाही, गच्चीची घाण असते, त्यासाठी वेगळा व्हॉल्व्ह. वाळूचा वरचा थर दरवर्षी मे अखेरीस धुवायचा, नाहीतर तिसऱ्या वर्षी खड्ड्याचं डबकं होतं. दुसऱ्या उन्हाळ्यात बंद पडलेल्या बोअरला पाणी आलं, ते फ्लश आणि बागेला वापरतो. खाडीजवळच्यांनी एक लक्षात ठेवा: बोअरचा उपसा अति केला तर खारं पाणी आत ओढलं जातं आणि मग ती बोअर कायमची गेली.

सगळ्यात जास्त फरक घराघराला मीटर लावल्याने पडला. आधी पाण्याचे पैसे चौरस फुटावर होते. मीटर लागल्यावर पहिल्याच महिन्यात अकरा घरांत फ्लशची टाकी रात्रंदिवस गळत असल्याचं कळलं. त्यातलं एक माझं.

ऐरोलीचा_पोरगा | १० जून, रात्री ९.००

पाण्याबरोबर दगड-रेतीचंही लिहा कुणीतरी. मुंब्र्याजवळच्या जागेचं नावच रेतीबंदर. खाडीची रेती काढून काढून मुंबई-ठाणं बांधलं, किनारे ढासळले. मग खडी फोडून कृत्रिम वाळू सुरू झाली, आणि पारसिकचा डोंगर आमच्या बाजूने तुर्भ्यापर्यंत खाणींनी पोखरला. लहानपणी दुपारी दोनला सुरुंगाचा आवाज आला की आजी ताटं झाकायची, धूळ यायची म्हणून. विमानतळासाठी उलव्याचा डोंगर सपाट केला, उलवे नदी वळवली, दहा गावं उठवली. डोंगर परत उगवत नाही. पाणी निदान दर जूनला परत येतं.

खाडीकाठ | १० जून, रात्री ९.४०

खरं आहे रे पोरा. आणि डोंगर बोडका झाला की त्याची माती खाडीत येते. मग खाडी उथळ, आणि भरतीचं पाणी शिरायला दुसरी जागा बघतं. सगळं एकाच दोरीत ओवलेलं आहे.

कासारवडवली | १५ जून, रात्री १०.१०

सगळ्यांचे मनापासून आभार. काल सोसायटीची सभा होती. हा धागा छापून नेला. आसनगाव दादांचा आईंबद्दलचा प्रतिसाद मी वाचून दाखवला. वाचताना मलाच दोनदा थांबावं लागलं.

मीटरवर दोन तास वाद झाला. ज्यांच्याकडे माणसं जास्त त्यांनी विरोध केला, ते समजण्यासारखं आहे. शेवटी माणशी १३५ पर्यंत एकच दर आणि त्यापुढे चढता दर, यावर बहुमत झालं. तरणतलाव एप्रिल-मेमध्ये बंद ठेवायचा ठराव पाच मतांनी हुकला. पुढच्या सभेत पुन्हा आणणार. टँकरवाल्याला सांगितलंय, होजचा गळका सांधा बदलल्याशिवाय गेट उघडणार नाही.

निवृत्त काका, हमीपत्राऐवजी मंजूर पाण्याचा आकडा नकाशावर छापावा, या मागणीचा मसुदा तुम्ही कराल का? घोडबंदरच्या तीस-चाळीस सोसायट्यांच्या सह्या मी आणते.

निवृत्त_पाणीवाला | १६ जून, सकाळी ६.५०

करतो. रविवारी पाठवतो. त्यात दुसरं कलमही घालतो: जी जलवाहिनी ज्या गावाच्या शिवारातून जाते, त्या गावाला तिच्यावर नळ मिळावा, आणि उपशाचं वीजबिल पाणी पिणाऱ्या शहराने भरावं. आपल्या बिलात त्याने महिना फार थोडे रुपये वाढतील. चालेल ना?

रोखठोक | १६ जून, सकाळी ८.०५

चालेल. आमच्या हिरानंदानीकडच्या पाच सोसायट्यांच्या सह्या माझ्याकडे लागल्या.

आसनगाव_लोकल | १६ जून, रात्री ११.१५

दुसऱ्या कलमाखाली आमच्या पाड्याच्या सह्याही घ्या. अंगठे चालतील का?

निवृत्त_पाणीवाला | १६ जून, रात्री ११.२२

तेच सर्वात वर घेऊ.

कासारवडवली | २७ जुलै, रात्री ८.३०

धागा खाली गेला होता, वर आणतेय. बेचाळीस सोसायट्यांच्या सह्या आणि चार पाड्यांचे अंगठे झालेत, निवेदन शुक्रवारी देतोय. ज्यांना यायचंय त्यांनी सकाळी साडेदहाला पाचपाखाडीला, महापालिकेत यावं.

आज नाक्यावर मावशी भेटली, कंटोली घेऊन आली होती. टोपलीत बाटली नव्हती. विचारलं, तर म्हणाली, टँकर बंद झाला, विहीर भरली. होळीपर्यंत पुरंल.